घरच्या संगणकाचा दुसऱ्या हार्ड डिस्कवर बॅकअप

संगणकातल्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायची आणि मूळ फाइल नाहीशी झाली की ती प्रत परत आणायची, एवढेच बॅकअपचे काम आहे. प्रत ठेवण्याचा भाग पुष्कळ घरांत होतो. परत आणायची वेळ आली की मात्र कळते की प्रत दोन वर्षांपूर्वीची आहे, तिच्यात निम्मेच फोल्डर आहेत, किंवा डिस्क कायम संगणकाला जोडलेली असल्यामुळे संगणकाबरोबर तीही गेली. म्हणून बॅकअपला दोन कसोट्या लावाव्यात: प्रत संगणकापासून सुटी ठेवलेली असावी, आणि ती उघडून पाहिलेली असावी. या दोन कसोट्यांना न उतरणारी प्रत असून नसल्यासारखीच आहे.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या घरांत ही काळजी जास्त घ्यावी लागते, आणि तिची कारणे हवामानात आहेत तशी कागदपत्रांतही आहेत. जैनद, बेला, तामसी, भीमपूर, तलमडगू या पैनगंगेकडच्या मंडळांत अनेक घरांची बोली मराठी, कचेरीची भाषा तेलुगू आणि जमिनीच्या जुन्या कागदांची भाषा उर्दू. एकाच कुटुंबाचे शेत नदीच्या दोन्ही काठांवर असेल तर तेलंगणातले पट्टादार पासबुक आणि महाराष्ट्रातला सातबारा एकाच फोल्डरमध्ये येतात. त्यांच्या शेजारी लग्नाचे फोटो, केसलापूरच्या नागोबा जत्रेतले किंवा दंडारी नाचाचे व्हिडिओ, किराणा दुकानाची टॅली, मास्तरांच्या प्रश्नपत्रिका आणि मुलांची प्रमाणपत्रे असतात. हे सगळे एका डिस्कवर साठलेले असते आणि ती डिस्क कधी बंद पडेल हे आधी सांगता येत नाही.

एकाच डिस्कवरच्या दोन प्रती

दुकानदार नवा संगणक देताना डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो. सी मधल्या फाइली डी मध्ये उतरवल्या की बॅकअप झाला, अशी समजूत फार पसरलेली आहे. हे भाग फक्त नावाचे आहेत. आतली डिस्क एकच असते. विंडोज पुन्हा बसवावी लागली तर डी मधल्या फाइली बहुधा वाचतात, पण डिस्कच बिघडली तर सी, डी आणि ई एकाच क्षणी जातात.

डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवून घेणे यापेक्षा बरे, तरी अपुरे. पहिली डिस्क म्हातारी होऊन गेली तर दुसरी कामास येते. पण दोन्ही डिस्कना वीज एकाच एसएमपीएसमधून मिळते. मृगाच्या आगेमागे आभाळ गडगडू लागले की विजेच्या तारेतून किंवा इंटरनेटच्या तांब्याच्या केबलमधून आलेला एकच झटका दोन्ही डिस्क जाळू शकतो. संगणक चोरीला गेला तर दोन्ही जातात. रॅन्समवेअर शिरले तर ते जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरच्या फाइली कुलूपबंद करते आणि त्या उघडण्यासाठी खंडणी मागते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचे रॅन्समवेअर जगभर पसरले, तेव्हा ज्यांची प्रत संगणकापासून सुटी होती त्यांना फाइली परत मिळवण्यासाठी खंडणीचा विचार करावा लागला नाही. म्हणून बॅकअपची डिस्क बाहेरची, यूएसबी केबलने जोडायची असावी. बॅकअप चालू आहे तेवढाच वेळ जोडावी आणि काम संपताच काढून ठेवावी.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह असले की बॅकअपची गरज संपते, असेही मानू नये. या सेवा मुख्यतः दोन ठिकाणच्या फाइली सारख्या राखतात: संगणकावर फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते. वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ती काही दिवस राहते. त्या मुदतीत चूक लक्षात आली नाही तर फाइल गेली. शिवाय वनड्राइव्ह फुकट देते ती जागा ५ जीबी, आणि एका लग्नाचे फोटो-व्हिडिओच तिच्यात मावत नाहीत. या सेवा जरूर वापराव्यात, मात्र घरच्या डिस्कला जोड म्हणून.

डिस्क निवडताना

संगणकावर आज जेवढा डेटा आहे त्याच्या दुप्पट जागेची डिस्क घ्यावी. ४०० जीबी डेटा असेल तर १ टीबीची डिस्क काही वर्षे पुरते. १ टीबीची डिस्क जोडल्यावर विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते, म्हणून दुकानदाराशी वाद घालू नये. कंपनी १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये एवढे बाइट मोजते आणि विंडोज १०२४ च्या हिशेबाने मोजते, एवढाच फरक.

फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी, याचे उत्तर डिस्क कशी ठेवली जाणार यावर अवलंबून आहे. एसएसडी वेगवान असते आणि हातातून पडली तरी सहसा टिकते. पण तिच्यातला डेटा विजेच्या भाराच्या रूपात साठवलेला असतो आणि वीज न मिळता पडून राहिली तर तो भार हळूहळू ओसरतो. उष्णतेत लवकर ओसरतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने आपले लिखाणाचे आयुष्य संपत आल्यावरही ३० अंशांत, वीज नसताना, एक वर्ष डेटा धरून ठेवला पाहिजे. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते. तरीही उन्हाळ्यात ४३-४५ अंशांवर जाणाऱ्या आदिलाबादसारख्या गावात, महिनोन्महिने कपाटात राहणाऱ्या प्रतीसाठी फिरत्या तबकडीची डिस्क अधिक भरवशाची आणि स्वस्तही. रोज प्रवासात नेण्याची डिस्क हवी असेल तर एसएसडी घ्यावी. पेनड्राइव्ह फाइल इकडून तिकडे नेण्यासाठी असतो. वर्षानुवर्षांची एकमेव प्रत त्याच्यावर सोडू नये.

स्वस्तातल्या फसव्या डिस्कपासून जपावे. नामांकित कंपनीच्या १ टीबी डिस्कपेक्षा कमी किमतीत "१६ टीबी एसएसडी" ऑनलाइन दिसते. तिच्या आत बहुधा एक लहान मेमरी कार्ड असते आणि खोटी क्षमता दाखवण्याची सोय केलेली असते. फाइली कॉपी होताना दिसतात, खरी जागा संपल्यावर नव्या फाइली जुन्यांच्या जागी लिहिल्या जातात, आणि काही बिघडल्याचे कळतच नाही. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत साधन संपूर्ण डिस्क भरून आणि परत वाचून क्षमता खरी की खोटी ते सांगते. नवी डिस्क रिकामी असतानाच ही तपासणी करावी.

डिस्क यूएसबी ३ ची घ्यावी आणि संगणकाच्या त्याच जातीच्या पोर्टला जोडावी. ते पोर्ट आतून बहुधा निळे असते. जुन्या यूएसबी २ पोर्टवर सेकंदाला ३०-४० एमबी एवढाच वेग मिळतो, यूएसबी ३ वर साधी डिस्क १०० एमबीच्या आसपास जाते. २०० जीबीचा पहिला बॅकअप पहिल्या पोर्टवर दीड तासाहून अधिक घेईल, दुसऱ्यावर अर्ध्या-पाऊण तासात होईल. छोट्या फाइली लाखांनी असतील तर दोन्हीकडे वेळ बराच वाढतो.

डिस्कची फॉरमॅट पद्धतही पाहावी. फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस ठेवावी, कारण मध्येच वीज गेली तर ती पद्धत स्वतःला सावरू शकते. मॅक आणि विंडोज दोन्हींवर वापरायची असेल तर एक्सफॅट चालते, पण तिच्यात ही सावरण्याची सोय नाही. फॅट ३२ घेऊ नये. तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि लग्नाचा पूर्ण व्हिडिओ तिथेच अडतो.

काय उचलावे

पुन्हा मिळू शकणार नाही ते आधी, हा क्रम ठेवावा. विंडोज, ऑफिस, डाउनलोड केलेले चित्रपट पुन्हा मिळतात. मी सेवेतून काढलेला जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, डिजिलॉकरमधली गुणपत्रिका, भू भारतीवरची जमिनीची नोंद हेही पुन्हा काढता येते. घरातल्या माणसांचे फोटो, वारलेल्या वडिलधाऱ्यांचे आवाज, आजीने म्हटलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, निजामकाळच्या उर्दू कागदांचे आणि १९५४-५५ च्या खासरा पहाणीच्या उताऱ्याचे स्कॅन, दुकानाचे हिशेब हे पुन्हा मिळत नाही. डिस्कवर जागा कमी पडली तर चित्रपट वगळावेत, फोटो नाहीत. मात्र जमिनीच्या कागदांचा स्कॅन हा मूळ कागदाचा पर्याय होत नाही. तो मजकूर आणि नोंदींचे क्रमांक जपतो, आणि त्या क्रमांकांवरून कचेरीत प्रमाणित नक्कल मागणे सोपे जाते. मूळ कागद आपल्या जागी सांभाळायचाच.

फाइली कुठे आहेत हे शोधण्यात पहिल्या वेळी जास्त वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज आणि डाउनलोड्स हे फोल्डर उघड असतात. डी आणि ई वर घरच्यांनी आपापल्या नावाने केलेले फोल्डर सुटतात. आउटलुकमधली पत्रे डॉक्युमेंट्समधल्या वेगळ्या फोल्डरात किंवा लपवलेल्या अ‍ॅपडेटा फोल्डरात असतात. टॅलीचा डेटा सहसा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर त्याचा पत्ता दिसतो. तो फोल्डर टॅली चालू असताना उचलू नये. टॅलीतल्याच बॅकअपच्या सोयीने फाइल तयार करावी आणि ती फाइल बाहेरच्या डिस्कवर न्यावी. कापसाच्या हंगामात, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, ज्या घरांत रोज आवक-जावक लिहिली जाते तिथे हे काम रोज रात्री व्हायला हवे.

वनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. फाइलीच्या नावापुढे ढगाचे चिन्ह असेल तर ती फाइल संगणकावर नसून फक्त सर्व्हरवर आहे आणि बॅकअपमध्ये ती सुटू शकते. त्या फोल्डरवर उजवे बटण दाबून "ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस" निवडले की फाइली संगणकावर उतरतात. प्रोग्रॅम फाइल्स हा फोल्डर कॉपी करण्यात अर्थ नाही. त्यातून सॉफ्टवेअर पुन्हा चालत नाही. सॉफ्टवेअरच्या परवान्याचे क्रमांक मात्र एका वहीत लिहून ठेवावेत. मोबाइलमधले फोटो आधी संगणकावर उतरवावेत, तरच ते या बॅकअपमध्ये येतील.

फॉन्ट

मराठी घरात ही बाब हमखास विसरली जाते, आणि तिची किंमत उशिरा कळते. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या आणि नंतरच्याही पुष्कळ फाइली श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. लग्नपत्रिका, वंशावळी, भजनी मंडळाच्या वह्या, शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सगळ्या त्यात सापडतात. अशा फाइलीत मराठी अक्षरे प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. फाइल टिकली आणि फॉन्ट हरवला तर पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसतात. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून हे फॉन्ट निवडून बॅकअपच्या डिस्कवर "फॉन्ट" नावाने वेगळे ठेवावेत. महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफही करून ठेवावी. फॉन्ट पीडीएफच्या पोटात बसतो आणि मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येतो. सवड असेल तेव्हा परिवर्तक वापरून हा मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार नजरेखालून घालावेत, कारण चुका तिथेच होतात.

जिल्ह्यातल्या गोंडी लिहिणाऱ्यांसाठी हा मुद्दा आणखी मोलाचा आहे. नारनूर मंडळातल्या गुंजाला गावी जुन्या गोंडी हस्तलिखितांमधून एक स्वतंत्र लिपी प्रकाशात आली आणि २००६ च्या सुमारास हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिच्यावर काम सुरू केले. गुंजाला गोंडी या नावाने तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१८ साली. त्याआधी या लिपीत टाइप झालेला मजकूर त्या वेळच्या फॉन्टवरच अवलंबून आहे. फॉन्ट, फाइल आणि पीडीएफ तिन्ही एकत्र जपले नाहीत तर हातांनी लिहिलेल्या वह्या टिकल्या आणि संगणकावरची प्रत वाचता येईना, असे व्हायला वेळ लागणार नाही.

देवनागरी नावाच्या फाइलींबाबतही एक मर्यादा लक्षात ठेवावी. विंडोज पूर्ण पत्ता साधारण २६० चिन्हांपर्यंत चालवते, आणि मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येकी एक चिन्ह धरले जाते. "श्री" या एका अक्षराची चार चिन्हे होतात. लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ८५ चिन्हांतच नाव संपते. फोल्डरात फोल्डर करत लांबलचक मराठी नावे दिली तर कॉपी करताना नेमक्या त्याच फाइली मागे राहतात. नावे मराठीतच द्यावीत, पण आटोपशीर.

प्रत्यक्ष बॅकअप

विंडोज १० आणि ११ मध्ये यासाठी फाइल हिस्टरी ही सोय आहे. डिस्क जोडून कंट्रोल पॅनलमधल्या "सिस्टीम अँड सिक्युरिटी" खाली ती उघडावी, डिस्क निवडावी आणि "टर्न ऑन" करावे. डिस्क जोडलेली असेल तोवर ती दर तासाला बदललेल्या फाइलींची नवी प्रत घेते आणि जुनी प्रतही ठेवते. मुलाने हिशेबाच्या फाइलीवर चुकून दुसरेच काही लिहून ठेवले तर कालची किंवा गेल्या महिन्यातली फाइल परत काढता येते. नुसत्या कॉपी-पेस्टमध्ये ही सोय नसते, आणि फाइल हिस्टरी वापरण्याचे खरे कारण हेच. प्रती साध्या फाइलींच्या रूपात, नावापुढे तारीख-वेळ लावून ठेवल्या जातात. त्यामुळे दुसऱ्या संगणकावरही त्या थेट उघडतात. उणीव एक आहे: डी आणि ई वरचे फोल्डर ती आपणहून घेत नाही. त्यांना विंडोजच्या लायब्ररीत जोडावे लागते.

ज्यांना हे गुंतागुंतीचे वाटते त्यांनी फ्रीफाइलसिंकसारखे मोफत साधन घ्यावे किंवा विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा वापरावी. दोन्ही फक्त नव्या आणि बदललेल्या फाइली नेतात, म्हणून दुसऱ्या वेळेपासून काम काही मिनिटांत होते. दोन्हींत "मिरर" हा पर्याय असतो आणि तो जपून वापरावा. मिरर म्हणजे मूळ ठिकाणी जे नाही ते बॅकअपमधूनही पुसणे. मूळ आणि प्रत यांची अदलाबदल झाली, किंवा मूळ फोल्डर आधीच रिकामा झालेला असला, तर मिरर चांगला बॅकअप स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. नवख्याने "अपडेट" किंवा भर घालणारा पर्यायच घ्यावा. थोडी जागा जास्त जाईल.

संपूर्ण संगणक जसाच्या तसा परत उभा करायचा असेल तर फाइलींची प्रत पुरत नाही, डिस्कची प्रतिमा घ्यावी लागते. व्हीम एजंट किंवा क्लोनझिला ही मोफत साधने ते करतात. घरगुती वापरात याची गरज मुख्यतः मोठ्या बदलाआधी पडते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे कित्येक घरांत विंडोज ११ बसवण्याची किंवा नवा संगणक घेण्याची वेळ आली आहे. दुकानात संगणक सोडण्यापूर्वी बॅकअप घरीच घ्यावा. "डेटा राहील ना?" एवढे विचारून संगणक सोपवणे पुरेसे नाही.

मॅकवर टाइम मशीन आहे. ते पहिल्यांदा डिस्क पूर्ण पुसून आपल्या पद्धतीने तयार करते, म्हणून रिकामीच डिस्क द्यावी. पुढे शेवटच्या २४ तासांच्या तासाच्या, महिनाभराच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या प्रती ते आपोआप राखते. उबुंटूवर डेजा-डुप हेच काम करते.

पहिला बॅकअप पहाटे किंवा सकाळी घ्यावा. उन्हाळ्यात त्याला दोन कारणे आहेत: हवा थंड असते आणि दुपारच्या मानाने वीज जाण्याचा संभव कमी असतो. अनेक बाह्य डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असतानाचे तापमान ५ ते ३५ अंश दिलेले असते. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत हवाच त्याच्या वर असते. डिस्क हाताला चटका देण्याइतकी तापली तर काम थांबवून निवू द्यावी. कूलरच्या झोताखाली ठेवू नये, तिथे थंडाव्याबरोबर पाण्याचे बारीक तुषारही येतात. डेस्कटॉप यूपीएसवर असावा, लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी. आभाळात गडगडाट सुरू झाला तर बॅकअप पुढे ढकलावा; प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढावीत, नुसते बटण बंद करून भागत नाही. काम झाल्यावर "सेफली रिमूव्ह" करूनच केबल काढावी. फिरती डिस्क चालू असताना हलवू नये, मांडीवर घेऊ नये.

दुसरी डिस्क, दुसरे घर

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम बॅकअपच्या बाबतीत जगभर मानला जातो: मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. घरगुती वापरात तो दोन बाह्य डिस्कमध्ये बसतो. दोन्ही आळीपाळीने वापराव्यात. एक घरी, दुसरी बाहेर, आणि महिन्या-दोन महिन्यांनी अदलाबदल. बाहेरची डिस्क शेजारच्या खोलीत नव्हे, दुसऱ्या गावात असावी. वेचणीनंतर भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवण्याची पद्धत आहे आणि एका ठिणगीत काय होते हे गावोगाव माहीत आहे. पैनगंगेला पूर आला की काठावरच्या वस्त्यांत पाणी शिरते. अशा वेळी कपाटातली डिस्क संगणकाइतकीच असुरक्षित असते. आदिलाबादची बहुतेक मराठी कुटुंबे किनवट, पांढरकवडा, नांदेड, नागपूर किंवा हैदराबादशी सोयरिकीने किंवा मुलांच्या शिक्षणाने जोडलेली असतात. सणाला जाता-येता डिस्क बदलून आणण्याचा परिपाठ ठेवला तर वेगळा खर्च येत नाही.

घराबाहेर जाणाऱ्या डिस्कवर आधार, पॅन आणि बँकेचे कागद असतात, म्हणून तिला पासवर्ड लावावा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे. होम आवृत्तीत नवी डिस्क त्याने बंद करता येत नाही, तिथे व्हेराक्रिप्ट हे मोफत साधन चालते. पासवर्ड आणि बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून जमिनीच्या कागदांबरोबर ठेवावी, डिस्कबरोबर नाही, आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती जागा दाखवावी. पासवर्ड एकट्याच्या डोक्यात राहिला आणि तो माणूस गेला, तर फाइली कोणालाच उघडता येत नाहीत. ही पाळी घरच्यांवर आणू नये.

घरी ठेवायची डिस्क झाकणाच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी. पावसाळ्यातली ओल आणि कापसाचा तंतू दोन्हींपासून ती वाचते. डिस्कवर चिठ्ठी चिकटवावी आणि तिच्यावर शेवटच्या बॅकअपची तारीख लिहावी. घरातल्या कोणालाही ती वाचता आली की आठवण करून देणारी माणसे वाढतात. एरवी बॅकअप आठवड्यातून एकदा पुरतो, आणि त्याला ठरलेला वार असावा. बाजाराचा दिवस सोयीचा, तो कोणी विसरत नाही.

उघडून पाहणे

बॅकअप झाल्याचा संदेश पडद्यावर येणे आणि फाइल परत मिळणे यांत अंतर आहे. तीन महिन्यांतून एकदा डिस्क दुसऱ्याच संगणकाला, नातेवाइकाच्या किंवा शेजाऱ्याच्या, जोडावी आणि काही फाइली खरोखर उघडाव्यात. एक जुना फोटो, एक नवा फोटो, एक लांब व्हिडिओ मधूनमधून चालवून, जुन्या फॉन्टमधली एक मराठी फाइल, आणि टॅली असेल तर तिचा बॅकअप रिकाम्या फोल्डरात परत आणून. मूळ फोल्डर आणि प्रत यांवर उजवे बटण दाबून "प्रॉपर्टीज" पाहावे. फाइलींची संख्या जुळली पाहिजे. जुळत नसेल तर बहुधा लांब नावाच्या, त्या वेळी उघड्या असलेल्या किंवा फक्त वनड्राइव्हवर राहिलेल्या फाइली सुटलेल्या असतात. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि ती टाळली जाते म्हणूनच बहुतेक बॅकअप ऐन वेळी दगा देतात.

डिस्कची प्रकृतीही पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कने स्वतः नोंदवलेली लक्षणे वाचून दाखवते. "कॉशन" दिसले तर डिस्क बदलावी, आणखी वाट पाहू नये. मूळ डिस्कमधून टक्-टक् आवाज येऊ लागला, फाइल उघडायला मिनिटे लागू लागली, तर आधी सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर बाहेर काढावेत. अशा डिस्कवर दुरुस्तीची आज्ञा चालवू नये, त्या वाचन-लेखनाच्या ताणाने ती पुरती बसते. डिस्क दिसेनाशीच झाली तर वीज काढून ठेवावी. घरी उघडून पाहणे म्हणजे तबकडीवर धूळ बसवणे. उघडण्याचे काम धूळरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेतच व्हायला हवे. ते महाग असते आणि यशाची हमी नसते. एसएसडीवरून चुकून पुसलेली फाइल तर बहुतेक वेळा तिथेही मिळत नाही, कारण पुसलेली जागा एसएसडी स्वतःच साफ करून घेते.

बॅकअपची डिस्क चार-पाच वर्षे वापरली की नवी घ्यावी आणि सगळा डेटा नव्या डिस्कवर उतरवून तपासावा. जुनी डिस्क लगेच टाकू नये. सहा महिने तिसरी प्रत म्हणून राहू द्यावी. नंतर कोणाला देताना किंवा भंगारात काढताना फाइली नुसत्या डिलीट करू नयेत. फिरत्या डिस्कसाठी विंडोजच्या फॉरमॅटमध्ये "क्विक" ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावा, म्हणजे सगळ्या जागेवर शून्ये लिहिली जातात. मोठ्या डिस्कला त्याला काही तास लागतात. एसएसडीसाठी तिच्या कंपनीचे पुसण्याचे साधन वापरावे. बंद पडलेली, फॉरमॅटही न होणारी डिस्क असेल तर ती उघडून तबकडी ओरखडून वा भोके पाडून निकामी करावी आणि मगच ई-कचऱ्यात द्यावी.